पगारावर, तासावर की भेटीवर? अखेरच्या दिवसांतील परिचारिकेचा मेहनताना

गेल्या जून महिन्यातली गोष्ट. शाळा नुकतीच उघडली होती. फजरनंतर आम्ही नव्या वर्षाचे वेळापत्रक मांडून बसलो होतो, तेवढ्यात अमेरिकेतून फोन आला. बोलत होती आमची जुनी विद्यार्थिनी. आठवी ते दहावी ती आमच्या वर्गात होती. पुढे तिने बीएससी नर्सिंग केले, मुंबईत काही वर्षे नोकरी केली, तिकडच्या परवान्याची परीक्षा दिली आणि आता ती ओहायो राज्यात राहते. तिच्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजले होते. सलाम-दुआ झाली आणि ती म्हणाली, "सर, मला तीन कागद वाचून पाहिजेत."

आम्ही उर्दू आणि मराठी शिकवतो. हिशेबासाठी किंवा कायद्यासाठी कोणी आमच्याकडे यावे असा आमचा लौकिक नाही. तसे आम्ही तिला सांगितलेही. ती म्हणाली, "सर, तुम्ही व्याकरणाच्या तासाला सांगायचात की वाक्यात काय लिहिले आहे ते वाचा, आणि काय गाळले आहे तेही वाचा. म्हणून तुम्हाला विचारते."

ती हॉस्पिसमध्ये परिचारिका आहे. हॉस्पिस म्हणजे ज्यांचा आजार आता बरा होणार नाही अशा रुग्णांची अखेरच्या काळातली शुश्रूषा. वेदना कमी करायच्या, श्वासाचा त्रास हलका करायचा, घरच्यांना धीर द्यायचा. अमेरिकेत हे काम बहुतेक रुग्णांच्या घरी किंवा वृद्धाश्रमात जाऊन होते. परिचारिका सकाळी मोटार काढते आणि एका घरून दुसऱ्या घरी जात राहते. तिच्या हातात तीन कागद होते. एक तिच्या चालू नोकरीचा, ज्यात दर भेटीमागे पैसे मिळतात. दुसरा एका संस्थेच्या वार्षिक पगाराचा. तिसरा ताशी दराचा. तिन्ही ठिकाणी आठवड्याची रक्कम वरवर सारखीच दिसत होती. मग निवडायचे कसे?

आमच्या वाचकांपैकी कितीतरी घरांतल्या मुली आज नर्सिंग शिकत आहेत. कोणी आखाती देशांत आहेत, कोणी इंग्लंड-अमेरिकेची तयारी करत आहेत. म्हणून त्या फोननंतर आम्ही जे वाचले, विचारले आणि कागदावर मांडले ते इथे देत आहोत.

तिने फोन का केला

आधी तिची अडचण ऐकू या. फोनच्या चार दिवस आधी ती एका वृद्ध बाईंच्या घरी गेली होती. पाऊण तासाची भेट ठरलेली. तिथे गेल्यावर तिने पाहिले की श्वास बदलला आहे, हातपाय थंड पडत चालले आहेत. मुलगी एकटीच घरात. तिने हिचा हात धरला आणि म्हणाली, "तुम्ही जाऊ नका." ही थांबली. डॉक्टरांना फोन केला, औषधाची मात्रा बदलून घेतली, तोंड ओले केले, कूस बदलली. साडेतीन तासांनी त्या बाई गेल्या. मग मृत्यूची नोंद, उरलेले मॉर्फिन मोजून नष्ट करणे, त्याचा कागद, अंत्यविधीवाल्यांना फोन. घरातून निघायला साडेचार तास झाले. त्या दिवसाच्या दोन भेटी दुसऱ्या परिचारिकेकडे गेल्या. पैसे एका भेटीचे मिळाले.

"पैशाचे दुःख नाही सर," ती म्हणाली. "मी बसले होते आणि माझी नजर घड्याळाकडे गेली. त्या बाई शेवटचे श्वास घेत होत्या आणि मी मनात म्हणत होते, दोन भेटी गेल्या. त्याची मला शरम वाटली."

हे ऐकून आम्ही वेळापत्रक बाजूला ठेवले.

संस्थेला पैसे कसे मिळतात

परिचारिकेला पैसे कसे मिळतात हे समजायचे तर आधी तिच्या संस्थेला ते कसे मिळतात ते पाहावे लागते.

आजच्या अर्थाचे पहिले हॉस्पिस १९६७ साली लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी सुरू केले. त्या आधी परिचारिका होत्या, नंतर डॉक्टर झाल्या. अमेरिकेत हे काम १९७४ साली कनेक्टिकट राज्यात सुरू झाले. १९८२ साली अमेरिकन काँग्रेसने मेडिकेअर या सरकारी विमा योजनेत हॉस्पिसचा समावेश केला. मेडिकेअर प्रामुख्याने ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी आहे. आजार आपल्या गतीने चालला तर आयुष्य सहा महिने किंवा त्याहून कमी उरले आहे, असे दोन डॉक्टरांनी लिहून दिले की रुग्णाला ही सेवा मिळते.

महत्त्वाची गोष्ट अशी की मेडिकेअर संस्थेला दिवसामागे पैसे देते, भेटीमागे नाही. घरी मिळणाऱ्या नेहमीच्या सेवेसाठी पहिल्या ६० दिवसांना एक दर आहे, २०२५ साली तो साधारण २२० डॉलर रोज होता. ६१व्या दिवसापासून तो कमी होतो, त्या साली तो साधारण १७५ डॉलरच्या आसपास होता. त्या दिवशी परिचारिका गेली काय, न गेली काय, दिवसाचे पैसे तेच. याच रकमेतून औषधे, पलंग, ऑक्सिजन, डॉक्टर, समाजसेवक, मदतनीस आणि परिचारिका या सगळ्यांचा खर्च निघतो.

याला एक अपवाद आहे. १ जानेवारी २०१६ पासून आयुष्याच्या शेवटच्या सात दिवसांत नोंदणीकृत परिचारिका किंवा समाजसेवक प्रत्यक्ष जाऊन थांबले तर मेडिकेअर दिवसाच्या दराखेरीज तासाच्या हिशेबाने जास्तीची रक्कम देते. दिवसाला चार तासांपर्यंत. म्हणजे अखेरच्या दिवसांत परिचारिकेचे नुसते तिथे असणेच मोलाचे आहे, हे सरकारने कागदावर मान्य केले.

आता आमच्या विद्यार्थिनीचे साडेचार तास आठवा. नियमानुसार संस्थेला अशा बसण्याचे तासावर पैसे मागता येतात, आणि जी बसली तिला मात्र एका भेटीचे मिळतात. यात कायदा मोडला गेला असे आम्ही म्हणत नाही. पैसा एका मापाने आत येतो आणि दुसऱ्या मापाने बाहेर जातो, एवढे वाचकांनी लक्षात घ्यावे.

तीन मापे

आम्ही शिक्षकांना ही तिन्ही मापे नवी नाहीत. शाळेत कायम शिक्षकाला महिन्याचा पगार असतो. महाविद्यालयात कितीतरी जण तासिका तत्त्वावर शिकवतात. जेवढ्या तासिका तेवढे पैसे, आणि सुट्टीत शून्य. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला उत्तरपत्रिकेमागे मोबदला मिळतो. एक उत्तरपत्रिका वाचायला पाच मिनिटे लागोत की वीस. गावातल्या आशाताईंनाही बऱ्याच कामांचा मोबदला कामागणिक मिळतो.

फिक्हच्या किताबांतही मजुरीचे असे दोन प्रकार पूर्वीपासून सांगितलेले आहेत. अजीर-ए-खास म्हणजे ज्याने आपला वेळ एकाला दिला तो. तो हजर राहिला की मजुरीचा हकदार झाला, मग त्या वेळात काम आले किंवा न आले. आणि अजीर-ए-मुश्तरक म्हणजे शिंपी, रंगारी यांच्यासारखा, ज्याने काम पुरे करून दिले की मजुरी. आमच्या विद्यार्थिनीला आम्ही हेच विचारले, "तू मरणाऱ्या माणसाजवळ बसतेस तेव्हा कपडा शिवून देतेस की वेळ देतेस?" ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "सर, वेळच देते."

हिशेब मांडून पाहू

आता तिन्ही कागद एकाच आठवड्याला लावून पाहू. आकडे आम्ही गणित सोपे व्हावे म्हणून गोल केले आहेत.

पगार : वर्षाला ८३,२०० डॉलर, म्हणजे आठवड्याला १,६०० डॉलर.
ताशी दर : ४० डॉलर. ४० तासांचे १,६०० डॉलर.
भेटीचा दर : ६५ डॉलर. २५ भेटींचे १,६२५ डॉलर.

पहिल्या नजरेला भेटीचे काम २५ डॉलरनी वर दिसते. पण २५ भेटींचा आठवडा प्रत्यक्षात किती तासांचा असतो ते आम्ही तिला लिहून काढायला सांगितले. तिने लिहिले ते असे :

रुग्णांच्या घरी : २५ तास
एका घरून दुसऱ्या घरी मोटारीने : १० तास
नोंदी लिहिणे : ९ तास
डॉक्टर, औषधदुकान, नातेवाईक यांचे फोन आणि सगळ्या चमूची बैठक : ४ तास
एकूण : ४८ तास

आता हिशेब बदलतो.

पगाराच्या नोकरीत १,६०० भागिले ४८, म्हणजे तासाला सुमारे ३३ डॉलर. ताशी नोकरीत ४० तासांचे १,६०० आणि वरच्या ८ तासांचे दीडपट दराने ४८०, एकूण २,०८० डॉलर. तासाला ४३ डॉलरच्या वर. भेटीच्या नोकरीत १,६२५ भागिले ४८, म्हणजे तासाला ३४ डॉलरच्या आत.

गर्दीच्या आठवड्यात ताशी दर सरळ पुढे गेला.

पण हॉस्पिसमध्ये सगळे आठवडे सारखे नसतात. समजा दोन रुग्ण वारले, एकाला रुग्णालयात हलवले आणि नवे रुग्ण अजून आले नाहीत. त्या आठवड्यात १७ भेटी झाल्या आणि एकूण काम ३४ तासांचे झाले. पगारवालीला १,६०० डॉलरच मिळतील. तासाला ४७ पडले. ताशीवालीला १,३६० मिळतील. भेटीवालीला १,१०५. म्हणजे आठवड्याला पाचशे डॉलरहून अधिक फटका, आणि तोही तिच्या कुठल्याच चुकीशिवाय, तिचे रुग्ण अल्लाहला प्यारे झाले म्हणून.

यावरून तीन गोष्टी दिसतात. पगारात मंदीचा धोका संस्था उचलते आणि गर्दीचा बोजा परिचारिका. ताशी दरात गर्दीचा खर्च संस्थेवर पडतो आणि मंदीत परिचारिकेचे तास कापले जातात. भेटीच्या दरात गर्दी आणि मंदी दोन्हींचा भार परिचारिकेवर येतो. फायदा एवढाच की ज्या दिवशी घरे जवळजवळ आहेत आणि रुग्ण स्थिर आहेत, त्या दिवशी हात चालवणाऱ्या परिचारिकेला चार पैसे जास्त मिळतात आणि ती दुपारी तीनला घरी पोचते.

हा फायदा खोटा नाही. तिच्याच ओळखीची एक परिचारिका दोन लहान मुलांची आई आहे. तिचे सात रुग्ण एकाच वृद्धाश्रमात आहेत. मोटार एकदा उभी केली की सात भेटी होतात. तिला भेटीचा दरच परवडतो आणि ती तो सोडायला तयार नाही. म्हणून अमुक पद्धत चांगली आणि तमुक वाईट, असे एका वाक्यात सांगता येत नाही. कोणाचे रुग्ण कुठे राहतात, किती आजारी आहेत, यावर सगळे ठरते.

मोटार, तेल आणि विमा

मैलांचा प्रश्न वेगळा. ती आठवड्याला साधारण २५० मैल मोटार चालवते, म्हणजे ४०० किलोमीटर. अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याने २०२५ सालासाठी कामाच्या प्रवासाचा प्रमाण दर मैलाला ७० सेंट धरला होता. म्हणजे आठवड्याचे १७५ डॉलर. कॅलिफोर्नियात कामासाठी झालेला असा खर्च मालकाने भरून द्यावा असा राज्याचा कायदा आहे. सगळ्या देशासाठी तसा सरसकट नियम नाही. त्यामुळे करारात मैलांचा उल्लेख नसेल तर भेटीच्या ६५ डॉलरमधून दर भेटीला सात डॉलर मोटारीलाच गेले असे समजावे.

विम्याचेही तसेच. तिकडे आरोग्य विमा बहुतेकांना नोकरीतून मिळतो. ज्या मालकाकडे ५० किंवा अधिक पूर्णवेळ माणसे आहेत त्याने आठवड्याला ३० तास काम करणाऱ्यांना विमा देऊ करावा, नाहीतर दंड भरावा, असा कायदा आहे. भेटीवर काम करणाऱ्या परिचारिकेचे तास कोण आणि कसे मोजतो हा प्रश्न इथे येतो. काही ठिकाणी तिला नोकरदार न मानता स्वतंत्र व्यावसायिक म्हणून करार करतात. तसे असेल तर सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअरचा कर तिला एकटीला १५.३ टक्के भरावा लागतो. नोकरदाराच्या बाबतीत त्यातला अर्धा मालक भरतो. दर मोठा दिसला म्हणून हुरळून जाऊ नये, हे यासाठी.

कायदा काय म्हणतो

अमेरिकेत मजुरीचा मुख्य कायदा १९३८ सालचा आहे. आठवड्याला ४० तासांपेक्षा जास्त काम झाले तर वरच्या तासांना दीडपट मजुरी, हा त्याचा गाभा. पण उच्च शिक्षण घेतलेल्या व्यावसायिकांना त्यातून वगळले आहे, आणि नोंदणीकृत परिचारिका सर्वसाधारणपणे त्या गटात धरल्या जातात. अट अशी की त्यांना ठरलेला पगार मिळाला पाहिजे, सध्या आठवड्याला किमान ६८४ डॉलर, किंवा कामागणिक ठरलेली फी मिळाली पाहिजे.

म्हणजे पगारावरच्या परिचारिकेने साठ तास काम केले तरी दीडपट मिळत नाही. ताशी दरावरची परिचारिका मात्र, पदवी असली तरी, दीडपटीची हकदार ठरते. आणि भेटीवरची? तिथे घोळ आहे. फी म्हणजे एका कामाची एक रक्कम, वेळ कितीही लागो. ओहायो ज्याच्या कक्षेत येते त्या सहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयापुढे घरोघर जाणाऱ्या परिचारिकांचे दोन खटले आले. २००० साली न्यायालयाने म्हटले की भेटीमागे ठरलेली रक्कम ही फीच आहे, म्हणून दीडपट लागू नाही. २००२ साली दुसऱ्या खटल्यात तेच न्यायालय म्हणाले की भेटीमागे फी आणि इतर कामांना ताशी पैसे अशी सरमिसळ असेल तर ती फीची पद्धत राहत नाही, आणि मग जादा तासांचे पैसे द्यावे लागतात.

आमच्या विद्यार्थिनीच्या कागदात बैठकीचे आणि प्रशिक्षणाचे पैसे तासावर होते. आम्ही तिला सांगितले, "या वाक्याखाली रेघ मार आणि तिथल्या वकिलाला दाखव. हा निकाल आम्ही देऊ शकत नाही."

आणखी दोन नियम मुलींनी पाठ करून ठेवावेत. दिवसाच्या मध्ये एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाण्याचा वेळ हा कामाचाच वेळ आहे. सकाळी घरून निघून पहिल्या ठिकाणी जाणे मात्र साधारणपणे त्यात येत नाही. आणि ताशी नोकरीत मालकाला माहीत असताना केलेले काम, मग ते रात्री स्वयंपाकघराच्या ओट्याशी बसून लिहिलेल्या नोंदी का असेनात, कामच असते. "आठ तासांत आटपा" असे सांगून उरलेले घरी फुकट करून घेणे कायद्याला मान्य नाही. पण ते होते. ताशी नोकरीतली खरी गळती तीच आहे. परिचारिका चांगली असते, तिला नोंद अर्धवट सोडवत नाही, आणि ती घड्याळ बंद करून लिहीत बसते.

रुग्णाच्या बाजूने

आतापर्यंत परिचारिकेचे बोललो. खाटेवर पडलेल्या माणसाला या तीन मापांनी काय फरक पडतो?

भेटीच्या पद्धतीत छोटी भेट फायद्याची आणि लांबलेली भेट तोट्याची. शांत पडलेला रुग्ण फायद्याचा, तडफडणारा तोट्याचा. कोणी परिचारिका जाणूनबुजून तसे वागते असे आम्ही म्हणणार नाही. पण रोज संध्याकाळी मोबदल्याचा कागद हेच सांगू लागला की चांगल्या माणसाचीही नजर घड्याळाकडे जाते. आमच्या विद्यार्थिनीची गेली. काही संस्थांनी यावर उपाय काढला आहे. नवा रुग्ण दाखल करण्याच्या आणि मृत्यूच्या वेळच्या भेटीला त्या दीडपट किंवा दुप्पट धरतात. हे चांगले आहे, पण शेवटचे श्वास चालू असलेल्या चार तासांचे माप त्यातही पुरते बसत नाही.

पगाराच्या पद्धतीत परिचारिका निर्धास्त बसू शकते, पण संस्थेने तिच्यावर रुग्ण लादत नेले तर बसायला वेळच उरत नाही. दहाच्या जागी अठरा रुग्ण दिले तरी पगार तोच. म्हणून पगाराच्या करारात रकमेपेक्षा रुग्णांची कमाल संख्या महत्त्वाची. ताशी पद्धतीत बसण्याला मोल आहे, पण वरून फोन येतो की तास जास्त होत आहेत, जादा वेळेला आधी परवानगी घ्या. मरण काही परवानगी घेऊन येत नाही.

आमच्या ओसरीवर

हा मजकूर इथेच संपवता आला असता. पण विद्यार्थिनीला हिशेब समजावताना आम्हाला आमचाच हिशेब आठवला.

आमच्याकडे हॉस्पिस नवे नाही. मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, पुण्यात सिप्लाचे परिहारक उपचार केंद्र १९९७ पासून. केरळात पंचायतींच्या परिचारिका घरोघर जातात. पण तालुक्याच्या गावात आजही बहुतेक घरे आपापली सोय करतात. चार वर्षांपूर्वी आमच्या अम्मी अखेरच्या आजारात होत्या, तेव्हा आम्हीही केली. जवळच्या दवाखान्यातली एक सिस्टर एक दिवसाआड घरी येई. जखमेचे ड्रेसिंग, लघवीची नळी, इंजेक्शन. दर भेटीला तीनशे रुपये ठरले होते. आम्ही ते वेळच्या वेळी दिले आणि आपण व्यवहाराला चोख आहोत असे मनाशी म्हणालो.

ती दवाखान्यातली ड्युटी संपवून येई. रिक्षाचे पैसे कोण देत होते हे आम्ही कधी विचारले नाही. अम्मींना झोप लागेपर्यंत ती त्यांचे पाय चेपत बसे. शेवटच्या रात्री ती दहा वाजता आली आणि पहाटे अडीचला गेली. आम्ही कलमा पढत होतो आणि ती कोपऱ्यात उभी राहून ओठांना पाणी लावायचा कापूस भिजवून देत होती. तिसऱ्या दिवशी आम्ही हिशेब केला. नऊ भेटी, सत्तावीसशे रुपये. ती रात्र आम्ही एक भेट म्हणून मोजली. तिनेही काही म्हटले नाही.

मजुराचा हक्क मारू नये, हे आपण मिंबरवरून ऐकतो आणि वर्गात सांगतो. आम्ही हक्क मारला असे त्या वेळी आम्हाला मुळीच वाटले नव्हते, कारण ठरल्याप्रमाणे पैसे दिले होते. चूक पैशाच्या देण्याघेण्यात नव्हती. कशाचे पैसे द्यायचे हे ठरवतानाच ती झाली होती. ओहायोतल्या मुलीने आपली शरम सांगितली तेव्हा आम्हाला आमची कळली. त्या सिस्टर आता दुसऱ्या गावी असतात. ईदनंतर आम्ही आणि आमच्या बेगम त्यांच्याकडे जाऊन आलो. त्यांनी पैसे घ्यायला आढेवेढे घेतले, शेवटी मुलीच्या फीसाठी म्हणून घेतले. त्या म्हणाल्या, "सर, त्या रात्रीचे कशाला मोजता?" पण मोजायचे काम आमचे होते.

सही करण्यापूर्वी

ज्यांच्या घरातली मुलगी अशा नोकरीचा कागद घेऊन बसेल त्यांनी तिला इतके प्रश्न विचारायला लावावेत.

१. भेट म्हणजे काय? रुग्णाच्या दारात पोचल्यापासून निघेपर्यंत, की प्रवास आणि नोंदीही त्यातच?
२. रुग्ण घरी सापडला नाही किंवा भेट आयत्या वेळी रद्द झाली तर पैसे मिळतात का?
३. नवा रुग्ण दाखल करणे आणि मृत्यूच्या वेळची भेट यांचा दर वेगळा आहे का?
४. पगार असेल तर रुग्णांची कमाल संख्या लेखी आहे का? ती ओलांडली तर काय?
५. ताशी असेल तर आठवड्याला किमान किती तासांची हमी? जादा वेळेला आधी परवानगी लागते का, आणि मृत्यूच्या प्रसंगी त्यातून सूट आहे का?
६. रात्री फोनवर हजर राहण्याचे काय? नुसते हजर राहण्याचे वेगळे आणि बाहेर पडावे लागले तर वेगळे, असे आहे का?
७. मैलांचा दर किती? विमा, रजा, आजारपण यांचे काय?
८. ती नोकरदार आहे की स्वतंत्र व्यावसायिक?

आणि आपल्या घरी सिस्टर बोलावताना यातले दुसरे, तिसरे आणि सातवे प्रश्न आपणच स्वतःला विचारावेत. रिक्षाचे पैसे वेगळे द्यावेत. लांबलेली भेट दोन धरावी. रात्रीचा दर आधीच ठरवावा, कारण त्या रात्री कोणाच्याच तोंडून हिशेबाचे शब्द निघत नाहीत.

आमच्या विद्यार्थिनीने शेवटी ताशी नोकरी घेतली. आठवड्याला किमान ३६ तासांची हमी तिने लिहून मागितली. पहिल्यांदा ते नाही म्हणाले, आठवड्याभराने हो म्हणाले. मृत्यूच्या प्रसंगी परवानगीची अट नसावी हेही तिने लिहून घेतले. दोन महिन्यांनी तिचा पुन्हा फोन आला. आम्ही विचारले, पैसे बरे मिळतात का? ती म्हणाली, थोडे जास्त, काही आठवडे थोडे कमी. मग म्हणाली, "सर, परवा एका आजोबांजवळ तीन तास बसले. निघताना बाहेर अंधार पडला होता, तेव्हा कळले किती वेळ झाला ते."